राजमा, काबुली चणे आणि खसखस: अणूतले कण घरच्या घरी समजून घेण्याची कृती

दर रविवारी सकाळी माझी भाची आमच्या ऐरोलीच्या घरी येते. आठवीत आहे. 'अणूचे अंतरंग' हा धडा तिला घडाघडा येत होता. प्रोटॉन धनप्रभारित, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, न्यूट्रॉन प्रभाररहित. मी विचारलं, "मिठातल्या सोडियममधून एक प्रोटॉन काढून घेतला तर काय उरेल?" ती म्हणाली, "मामा, असं परीक्षेत विचारत नाहीत."

विचारत नसतील. पण या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर त्या तीन ओळी पाठ असून उपयोग काय? मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातून डबे काढले. दोन रविवार लागले. त्यातलं जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो. मूल साधारण सातवी ते दहावीत असेल तर ही कृती चालते. मोठ्यांनाही चालते, मीच बरंचसं नव्याने शिकलो.

आधी शब्द सरळ करा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळू नका. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंचा गट, जसं पाण्याचा रेणू. हिंदीत मात्र ज्याला आपण अणू म्हणतो तो 'परमाणु', आणि ज्याला आपण रेणू म्हणतो तो 'अणु'. आपली मुलं हल्ली अर्धा अभ्यास हिंदी व्हिडिओ बघून करतात. भाचीच्या वहीत 'अणू हा परमाणूंपासून बनतो' असं वाक्य निघालं. हिंदीत ते बरोबर आहे, मराठीत चूक. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही जोड्या शेजारी शेजारी लिहून ठेवा.

साहित्य

लाल राजम्याचे तीसेक दाणे, मोठे काबुली चणे चाळीसेक, चिमूटभर खसखस, दोन ताटं, एक गडद रंगाचा कागद, दहा-बारा गोट्या, एक मोठा पुठ्ठा. राजमा म्हणजे प्रोटॉन, चणा म्हणजे न्यूट्रॉन, खसखस म्हणजे इलेक्ट्रॉन.

ही निवड उगाच नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात (न्यूट्रॉन किंचित जड). इलेक्ट्रॉन मात्र प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका. राजम्याचा दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा भरतो, मोठा काबुली चणाही त्याच्याच आसपास. खसखशीचा एक दाणा असतो ०.३ मिलिग्रॅमच्या आगेमागे. भागाकार करून बघा, सतराशेच्या आसपास, म्हणजे १८३६च्या जवळ येतो. पहिल्या वेळी आम्ही इलेक्ट्रॉन म्हणून मोहरी घेतली होती, पण मोहरी फार जड पडते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तिन्ही कण सारख्याच आकाराचे गोळे असतात आणि तेच चित्र मुलांच्या डोक्यात बसतं. राजमा आणि खसखस एकदा तळहातावर शेजारी घेतली की ते जातं.

पंखा बंद करा. आम्ही विसरलो होतो, लिथियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन सोफ्याखाली गेले. खसखस उचलायला ओली टूथपिक वापरा.

पहिली पायरी: न बघता शोधा

दाणे मांडायच्या आधी हा खेळ खेळा, नाहीतर 'मध्ये केंद्रक असतं' हे पुन्हा पाठांतरच होईल. मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा. जमिनीवर एक छोटी जड वस्तू ठेवा. आम्ही खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला होता. चारी कोपऱ्यांना पुस्तकं ठेवून वर पुठ्ठा टाका, म्हणजे वस्तू दिसणार नाही. आता मुलाने एका बाजूने गोट्या घरंगळत सोडायच्या आणि कुठून कशा बाहेर पडतात ते कागदावर टिपायचं. बऱ्याचशा सरळ जातात, काही वाकतात, एखादी उलट येते. पंधरा-वीस गोट्यांनंतर भाचीने वस्तूची जागा आणि साधारण लांबी बरोबर सांगितली.

रदरफर्डच्या प्रयोगशाळेत १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी हेच केलं, फक्त गोट्यांऐवजी धनप्रभारित अल्फा कण होते आणि पुठ्ठ्याखाली सोन्याचा अतिपातळ पत्रा. त्याआधी १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला होता आणि अणू म्हणजे धनप्रभाराच्या गोळ्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, अशी त्याची कल्पना होती. रव्याच्या लाडवातले बेदाणे म्हणा. लाडू खरा असता तर एकही अल्फा कण उलट फिरायला नको होता. पण हजारोंतला एखादा उलट येत होता. म्हणजे आत कुठेतरी सगळा धनप्रभार आणि जवळपास सगळं वजन एका टिंबात गोळा झालेलं असणार. रदरफर्डने १९११ मध्ये तसं मांडलं.

गोट्यांच्या खेळात एक फरक आहे, तो मुलाला सांगा. गोटी बत्त्याला आपटून परतते, अल्फा कण मात्र न आपटताच, केंद्रकाच्या प्रभाराने ढकलला जाऊन परततो.

दुसरी पायरी: अंतर

ही ताटात होत नाही, बाहेर पडावं लागतं. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. तो जर एक सेंटीमीटरचा राजमा धरला, तर त्या मापाने इलेक्ट्रॉनचा वावर तीनशे मीटरच्या आसपास येतो. ठाणे स्टेशनात पंधरा डब्यांची लोकल उभी असते तेव्हा बघा: राजमा मोटरमनच्या केबिनमध्ये, खसखशीचा दाणा शेवटी गार्डच्या डब्याशी. मधल्या सगळ्या डब्यांत कोणीही नाही. मध्य रेल्वेची रिकामी गाडी कल्पनेतच बघायला मिळते, ते सोडा.

खसखस तरी म्हणायला. इलेक्ट्रॉनचा आकार आजवर कोणालाही मोजता आलेला नाही, इतका तो लहान. शिवाय तो पृथ्वीसारखा ठरलेल्या वाटेने गरगर फिरत नाही. तो अमुक भागात सापडण्याची शक्यता जास्त, तमुक भागात कमी, एवढंच सांगता येतं. बोरने १९१३ मध्ये दिलेली वर्तुळाकार कवचं हिशेबाला सोयीची आहेत म्हणून शाळेत शिकवतात. वापरा, पण 'हा नकाशा आहे, फोटो नव्हे' असं एकदा सांगून ठेवा.

तिसरी पायरी: ताटात अणू मांडा

गडद कागदावर मध्यभागी राजमा आणि चणे एकत्र, भोवती वर्तुळांवर खसखस. हायड्रोजन: एक राजमा, एक खसखस, चणा नाही. हेलियम: दोन, दोन, दोन. लिथियम: तीन राजमे, चार चणे, तीन खसखस. कार्बन: सहा-सहा-सहा. पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ. सोडियमचा अकरावा तिसऱ्यात जातो.

दोन आकडे वाचायला शिकवा. अणुअंक म्हणजे राजमे मोजा. अणुवस्तुमानांक म्हणजे राजमे अधिक चणे. खसखस वजनात धरायची नाही, ती कशाला नाही ते आता मुलाला कळलेलं असतं. सोडियमचा अणुअंक ११, वस्तुमानांक २३, म्हणजे चणे किती? बारा. असं पाच-सहा मूलद्रव्यांचं करून घ्या आणि थांबा. वीस करून घेतलीत तर मूल पुन्हा यंत्रासारखं वजाबाकी करू लागतं.

चौथी पायरी: एकेक कण हलवा

खरा अभ्यास इथे आहे, यालाच जास्त वेळ द्या. नियम एकच: एका वेळी एकाच जातीचा दाणा हलवायचा आणि काय बदललं ते मुलाने सांगायचं.

आधी खसखस. सोडियम मांडा: ११ राजमे, १२ चणे, खसखस २, ८, १. सर्वांत बाहेरचा एकुलता दाणा उचला. शेजारच्या ताटात क्लोरीन मांडलेला असू द्या, त्याच्या बाहेरच्या कवचात सात आहेत. उचललेला दाणा तिथे ठेवा. सोडियमकडे आता ११ धन, १० ऋण, म्हणजे एक धनप्रभार उरला. क्लोरीनकडे एक ऋण जास्त झाला. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि मीठ होतं. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू. एक खसखशीचा दाणा इकडचा तिकडे झाला आणि ते आमटीत घालण्याजोगं झालं. मात्र दोघांची नावं बदलली नाहीत. सोडियम हा सोडियमच राहिला, फक्त आयन झाला.

आपल्या खाडीकाठची मिठागरं आठवा. खाडीच्या पाण्यात हे दोन्ही आयन सुटे फिरत असतात. आगरात पाणी आटतं तसे ते पुन्हा एकमेकांना धरून खडे होतात. त्यात कोणत्याही केंद्रकाला धक्का लागत नाही. सगळं रसायनशास्त्र, स्वयंपाक, गंज, दह्याचं विरजण हा बाहेरच्या खसखशीचा कारभार आहे. भिंतीतल्या तारेतही तेच हलतात. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सहा अब्ज अब्जांहून थोडे जास्त इलेक्ट्रॉन.

प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग इथेच करा, पण जुलैत करू नका. आमच्याकडच्या पावसाळी हवेत पट्टीवर जमलेला प्रभार टिकत नाही आणि मुलाला वाटतं पुस्तक खोटं बोलतंय. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ गाठा.

आता चणे. मी शिकलो त्या शिकवणीत सर म्हणायचे, न्यूट्रॉन काही करत नाही, फक्त वजन वाढवतो. इतकं चुकीचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

क्लोरीन घ्या. १७ राजमे, १८ चणे, वस्तुमानांक ३५. दोन चणे वाढवले तर ३७, तरीही तो क्लोरीनच, कारण राजमे सतराच. हे झाले समस्थानिक. मग मूलद्रव्यांच्या तक्त्यात क्लोरीनसमोर ३५.५ का लिहितात? अर्धा चणा कुठून आला? निसर्गात साधारण चारांतले तीन अणू ३५चे आणि एक ३७चा असतो. ३५, ३५, ३५ आणि ३७ यांची सरासरी मुलाला काढायला लावा. भाचीने काढली आणि म्हणाली, "म्हणजे ३५.५ वजनाचा एकही अणू नसतोच!" त्या दिवशीचं आमचं काम तिथेच झालं होतं.

न्यूट्रॉन केंद्रक टिकवतो हे त्याच्यापुढचं. राजमे सगळे धनप्रभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. तरी ते चिकटून राहतात, कारण अगदी जवळ आल्यावर एक वेगळंच, फार जबरदस्त आकर्षण लागू होतं. चणा हे आकर्षण पुरवतो, पण ढकलत नाही. म्हणून केंद्रक मोठं होत जातं तसे चणे राजम्यांपेक्षा जास्त लागतात. शिशाच्या नेहमीच्या समस्थानिकात ८२ राजम्यांना १२६ चणे. पण नुसते चणे ओतत राहूनही भागत नाही. प्रमाण बिघडलं की केंद्रक अस्थिर होतं. हे करून दाखवता येतं.

२७ राजमे आणि ३२ चणे मोजा. हा कोबाल्ट-५९, स्थिर आहे. वरून एक चणा टाका, कोबाल्ट-६० झाला. आता ढिगातला एक चणा उचलून त्याच्या जागी राजमा ठेवा आणि त्याच वेळी खसखशीचा एक दाणा ताटाबाहेर उडवा. मोजा: २८ राजमे, ३२ चणे. २८ म्हणजे निकेल. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला. (सोबत प्रतिन्यूट्रिनो नावाचा आणखी एक कण निसटतो, त्याच्यासाठी माझ्याकडे डाळ नव्हती.) नवं निकेल केंद्रक शांत होताना गॅमा किरण सोडतं. कोबाल्ट-६०चा ढीग असेल तर त्यातले निम्मे अणू सव्वापाच वर्षांत असे बदलतात.

ही काही दूरची गोष्ट नाही. वाशीत अणुऊर्जा विभागाचं मसाले निर्जंतुक करणारं केंद्र २०००पासून आहे, तिथे कोबाल्ट-६०चेच गॅमा किरण वापरतात. मसाल्यात कोबाल्ट मिसळत नाहीत, नुसते किरण त्यातून जाऊन जंतू मारतात. आणि हे किरण मसाल्यातल्या अणूंच्या केंद्रकांमधले राजमे-चणे हलवत नाहीत, म्हणून मिरची किरणोत्सारी होत नाही. भाचीची आजी यावर अजून साशंक आहे. कोबाल्टमध्ये तो जास्तीचा चणा टाकतात अणुभट्टीत. आपल्याकडे हे काम राजस्थानातल्या अणुवीज केंद्रात होतं.

अणुभट्टी म्हणजे सुट्या न्यूट्रॉनचा कारखाना. वाशीहून मानखुर्दकडे जाताना खाडीपुलावर डाव्या खिडकीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आशियातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिचं इंधन पाण्याच्या तळ्यात बुडवलेलं होतं. पाणी का? कॅरम आठवा. सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर नेमकी समोरून आदळली तर पहिली जागीच थांबते आणि दुसरी निघते, कारण दोघींचं वजन सारखं. न्यूट्रॉनचा वेग कमी करायचा तर त्याच्याच वजनाचं काहीतरी हवं. तो प्रोटॉन, आणि पाण्यात हायड्रोजनच्या रूपाने प्रोटॉन भरपूर.

याच युक्तीने न्यूट्रॉन सापडलाही. प्रभार नसल्यामुळे तो कशानेच वळत नव्हता आणि सगळ्यांत शेवटी हाती आला. १९३२ मध्ये चॅडविकने बघितलं की एक अनोळखी प्रारण मेणावर पाडलं तर मेणातले प्रोटॉन जोरात बाहेर येतात. सोंगटी उडतेय म्हणजे मारणारीही सोंगटीच असणार.

अजून एक गंमत: न्यूट्रॉन केंद्रकाबाहेर सुटा राहिला तर टिकत नाही. सुट्या न्यूट्रॉनांपैकी निम्मे सुमारे दहा मिनिटांत प्रोटॉन होऊन जातात.

राहिला राजमा. त्याचं थोडक्यात आहे, कारण तो हलला की मूलद्रव्यच हललं. सहाचे सात झाले तर कार्बनचा नायट्रोजन. आवर्तसारणी म्हणजे राजम्यांची हजेरी, एक ते ११८. प्रोटॉन उपयोगाचा कुठे, असं भाचीने विचारलं तेव्हा मी खारघरचं नाव घेतलं. तिथल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात, ही सोय २०२३ मध्ये सुरू झाली. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत सगळीकडे ऊर्जा सांडत जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता बरीचशी ऊर्जा तिथेच ओततो. गाठीच्या पलीकडचा भाग वाचतो.

पाचवी पायरी: राजम्याच्या आत (ज्यांना हवी त्यांनी)

प्रोटॉन आणि न्यूट्रॉनही अखंड नाहीत. प्रत्येकात तीन क्वार्क. ही कल्पना १९६४ मध्ये गेलमान आणि झ्वाइग यांनी वेगवेगळी मांडली. दोन रंगांच्या टिकल्या घ्या. लाल टिकली म्हणजे 'अप' क्वार्क, प्रभार अधिक दोन तृतीयांश. काळी म्हणजे 'डाउन', प्रभार उणे एक तृतीयांश. राजम्यावर दोन लाल आणि एक काळी चिकटवा, चण्यावर एक लाल आणि दोन काळ्या. बेरीज मुलाला करू द्या. एक आणि शून्य आलं की चेहरा बघण्यासारखा होतो, अपूर्णांकांचा असा उपयोग त्यांनी कधी बघितलेला नसतो. वरच्या कोबाल्टमध्ये चण्याचा राजमा झाला म्हणजे खरं तर एक काळी टिकली लाल झाली.

इलेक्ट्रॉनवर मात्र टिकली लावू नका. तो अजून तरी फुटलेला नाही.

'तीन क्वार्कांचं वजन मिळून प्रोटॉनचं वजन' असं मात्र शिकवू नका. क्वार्कांचं स्वतःचं वजन प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतं. बाकीचं वजन म्हणजे त्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधनाची आणि त्यांच्या धावपळीची ऊर्जा. इथे डाळी-कडधान्यांचं उदाहरण संपतं, ते ताणू नका.

शेवटी तो पहिला प्रश्न

दुसऱ्या रविवारी मी काही न बोलता ताट पुढे केलं. भाचीने ११ राजमे मोजले, १२ चणे मोजले, आणि खसखस ठेवताना हात थांबवला. "मिठातला सोडियम ना? मग दहाच." मग एक राजमा उचलून बाजूला ठेवला. उरले दहा राजमे, बारा चणे, दहा खसखस. तक्त्यात दहावा खण: निऑन. बावीस वस्तुमानांकाचा निऑन निसर्गात खरोखर असतो आणि स्थिर असतो, हे मी सांगितलं. दहा धन, दहा ऋण, म्हणजे प्रभार शून्य. "मग हा क्लोरीनला धरून कशाला बसेल?" ती म्हणाली. "उडून जाईल."